वर्दी आणि वहिवाट

भिलाई हे नाव उच्चारले की पोलाद डोळ्यांपुढे येते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या गावाची दुसरी ओळख त्या मानाने अल्पज्ञात आहे. छत्तीसगढ सशस्त्र बलाच्या पहिल्या वाहिनीचे ठाणे भिलाईत आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, त्या वेळी अविभक्त मध्य प्रदेशाच्या विशेष सशस्त्र दलाची विभागणी झाली आणि नव्या राज्याच्या वाट्याला आलेल्या पलटणींतून हे बल घडले. पुनर्रचनेच्या कायद्यान्वये मनुष्यबळाबरोबर नियम, हुकूम आणि शिस्तीच्या वहिवाटीही वारशाने आल्या. या वारशातील एक प्रकरण असे आहे की, त्याचा अभ्यास केल्यावाचून भारतातील समलिंगी स्त्रीपुरुषांच्या हक्कांचा इतिहास अपुरा राहतो.

१९८७ साल संपता संपता भोपाळ येथील तेविसाव्या वाहिनीतील दोन महिला शिपायांनी परस्परांशी विवाह केला. इतिहासात त्या लीला आणि ऊर्मिला या नावांनीच ओळखल्या जातात. छावणीत हे कळताच दोघींना सेवेतून मुक्त करण्यात आले. १९८८ च्या फेब्रुवारीत ही वार्ता देशभरातील वृत्तपत्रांतून झळकली. दोघींना इतरांपासून अलग ठेवले गेले, कागदांवर सह्या घेतल्या गेल्या आणि छावणीतून बाहेर काढण्यात आले, असे त्या काळच्या वृत्तांतांतून दिसते. १९९१ मध्ये दिल्लीच्या एड्स भेदभाव विरोधी आंदोलनाने समलिंगी नागरिकांच्या स्थितीविषयी जो पहिला विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, त्यातही या प्रकरणाची दखल घेतलेली आढळते. तोवर भारतीय वृत्तपत्रांत समलिंगी संबंध हा विषय बहुधा गुन्हेवार्तेच्या किंवा रोगवार्तेच्या रकान्यात असे. येथे प्रथमच तो विवाह, नोकरी आणि उपजीविका या शब्दांच्या संगतीत आला.

या घटनेतील कायद्याची बाजू लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ मेकॉलेच्या विधी आयोगाच्या मसुद्यातून उद्भवले. १८६० मध्ये संहिता संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तथापि त्या कलमाची शब्दयोजना अशी होती की दोन स्त्रियांचे सहजीवन त्याच्या कक्षेत जवळजवळ येतच नव्हते. विवाह कायद्याने त्यांच्या विवाहास मान्यता दिली नव्हती. पण मान्यता नसणे आणि अपराध असणे या दोन भिन्न गोष्टी होत. म्हणजे भोपाळच्या त्या दोन शिपायांनी देशाच्या फौजदारी कायद्याचा भंग केला होता असे म्हणता येत नाही. त्यांची नोकरी गेली ती पलटणीच्या अंतर्गत अधिकारातून. संविधानाचा अनुच्छेद ३३ संसदेला सशस्त्र दलांच्या आणि सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या बाबतीत मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा देतो. ही मुभा शिस्तीपुरती आणि कर्तव्यपालनापुरती आहे. पण शिस्त या शब्दाचा अर्थ ठरविणारा अधिकारी ज्या समाजातून येतो, त्या समाजाची लाजलज्जाही त्याच्याबरोबर कचेरीत येते आणि शेऱ्याचे रूप घेते.

ही लाजलज्जा सनातन होती काय, हा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो. छत्तीसगढचा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून त्याचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावरही १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूरच राहिली. तेव्हा मराठी राज्यव्यवस्थेची वहिवाट हा या प्रदेशाच्या इतिहासाचाही भाग ठरतो. दख्खनमधील मराठी अमलाचे दप्तर पाहता असे आढळते की, हिजड्यांच्या काही समूहांना गावोगाव भिक्षा मागण्याचा परंपरागत हक्क होता, काहींना रोख नेमणुका आणि जमिनीही मिळालेल्या होत्या. हा सन्मान होता असे मानण्याची घाई करू नये. मागण्याचा हक्क हा उपेक्षेचाच एक सुव्यवस्थित प्रकार असू शकतो. पण राज्याच्या लेखी त्यांना स्थान होते, एवढे त्यातून निश्चित होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने इनामांची छाननी आरंभिली, तेव्हा देशाचा कायदा आणि सार्वजनिक सभ्यता यांस बाध आणणारी इनामे पुढे चालू ठेवू नयेत असे तत्त्व १८५२ च्या कायद्यात आले आणि त्या कसोटीवर हे हक्क बुडाले. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा एक स्वतंत्र भाग हिजड्यांच्या नोंदणीसाठी होता; मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत लागू झालेल्या या भागाने स्त्रीवेष धारण करून सार्वजनिक जागी वावरणे हेही शिक्षापात्र ठरविले. ज्यांचे नाव पूर्वी हक्कदारांच्या यादीत होते, त्यांचे नाव संशयितांच्या यादीत गेले. हा पालट एका पिढीत घडला.

लष्करी नोकरी आणि सामाजिक परिवर्तन यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपायांची संख्या लक्षणीय होती. पलटणीच्या शाळांतून त्यांच्या मुलांना अक्षरओळख झाली, निवृत्तिवेतनामुळे गावकीबाहेरची मिळकत प्रथमच हाती आली. डॉ. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सुभेदार होते. त्यानंतर अल्पावधीतच लढाऊ जातींच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन महारांची भरती बंद करण्यात आली. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा तीच मागणी लावून धरली. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध संपताच, १९२१ मध्ये, मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. या रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशातील सागर येथे आहे.

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढता येतो. सैन्याने स्वयंप्रेरणेने समाज बदलला, असे क्वचितच घडले. सैन्याचे दार बाहेरून ठोठावावे लागले. मात्र दार उघडल्यावर वर्दीने जे केले ते व्याख्यानांना साधले नसते. एकाच रांगेत उभे राहणे, एकाच पंगतीस बसणे आणि सुभेदाराच्या हुद्द्याला सलाम करणे या नित्याच्या क्रियांनी अस्पृश्यतेच्या वहिवाटीला तडा दिला. छावणीच्या कुंपणाबाहेर ती वहिवाट कायम राहिली हे खरे; पण कुंपणाच्या आत ती अपरिहार्य नाही, हे एकदा दिसले म्हणजे बाहेरही तिचा बचाव करणे कठीण होते.

तथापि ही तुलना एका मर्यादेपर्यंतच नेता येते. महार सैनिकांना जन्माच्या उघड निकषावर वगळण्यात आले होते. म्हणून त्यांना उघडपणे, समूहाने, सह्या करून अर्ज देता आला. निवृत्त सुभेदार आणि हवालदार यांची साक्ष त्यांच्या पाठीशी होती. समलिंगी सैनिक सैन्यात असतोच. त्याला कोणी भरतीच्या वेळी अडविलेले नसते. त्याच्यापुढील अट मौनाची असते. हक्कासाठी अर्ज करणे म्हणजेच ज्या गोष्टीबद्दल बडतर्फी होते तिची लेखी कबुली देणे. परिणामी त्याच्या बाजूने ना संघटना उभी राहते, ना सेवेच्या नोंदी साक्ष देतात. सेवापुस्तकात त्याचे शौर्य असते, बदल्या असतात, रजा असतात. त्याचे घर नसते. वर्दीच्या इतिहासात समलिंगी माणसे शोधू जाता ती प्रायः शिस्तभंगाच्या प्रकरणांतच सापडतात, याचे कारण हेच होय.

जगात इतरत्रही बदल बाहेरूनच आला. अमेरिकेत २६ जुलै १९४८ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वंशभेद संपविण्याचा आदेश काढला, तेव्हा गोरे आणि काळे एका बराकीत राहिल्यास लढण्याची एकजूट नष्ट होईल असे सेनाधिकारी सांगत होते. १९९३ मध्ये समलिंगी सैनिकांचा प्रश्न आला तेव्हा हाच युक्तिवाद जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा मांडला गेला आणि ‘विचारू नका, सांगू नका’ अशी तडजोड कायदा म्हणून स्वीकारली गेली. मौनाच्या या कायद्याखाली १३,००० हून अधिक सैनिकांना सेवा सोडावी लागली. २० सप्टेंबर २०११ रोजी तो संपुष्टात आला. ब्रिटनची कथा आपल्याला अधिक जवळची आहे, कारण कलम ३७७ तेथूनच आले. बडतर्फ झालेले चार ब्रिटिश सैनिक स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. सहकाऱ्यांचा तिटकारा हे बंदीचे पुरेसे कारण होऊ शकत नाही, कारण वंशद्वेषाच्या बाबतीतही ते कारण आपण मानत नाही, अशा आशयाचा निर्णय सप्टेंबर १९९९ मध्ये झाला आणि जानेवारी २००० मध्ये ब्रिटनने बंदी उठविली. जुलै २०२३ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत त्या सैनिकांची जाहीर क्षमा मागितली.

भारतात हा लढा सैन्याच्या दारातून सुरू झाला नाही. १९९४ मध्ये तिहार कारागृहातील कैद्यांच्या आरोग्याच्या प्रश्नावरून दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ ला प्रथम आव्हान दिले गेले. २ जुलै २००९ रोजी त्याच न्यायालयाने नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरविले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर प्रकरणी एकमताने संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून मुक्त केले. या समाजाची इतिहासाने क्षमा मागावयास हवी, असे मत न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात नोंदविले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि तीत कलम ३७७ ला प्रतिरूपच उरले नाही.

सैन्याचा कायदा मात्र वेगळा आहे. १९५० च्या सेना अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये क्रूर, असभ्य किंवा अनैसर्गिक स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आली. कलम ४५ अधिकाऱ्यांच्या अशोभनीय वर्तनाविषयी आहे. २०१८ च्या निकालाने ही कलमे रद्द झाली नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, सेना कायद्याहून वर नाही, परंतु ती परंपरानिष्ठ आहे आणि अशा संबंधांना तीत वाव दिला जाणार नाही. २०१० मध्ये सेवा सोडलेल्या मेजर जे. सुरेश यांनी २०२० मध्ये आपण समलिंगी असल्याचे आणि सेवात्यागामागे तेही कारण असल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यावर बेतलेल्या चित्रपटाच्या संहितेला संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये ना-हरकत नाकारली. त्यापूर्वी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतलेल्या साबी गिरी या नौसैनिकाला नौदलाने सेवामुक्त केले होते. भरतीच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीने स्वतःच्या इच्छेने ती नोंद पालटली आणि अशा व्यक्तीला सेवेत ठेवण्याची तरतूद नियमांत नाही, अशी नौदलाची भूमिका होती.

ज्या काळात लष्कर हे दार बंद ठेवीत होते, त्याच काळात पोलिसांच्या वर्दीत एक वेगळी वाट पडत गेली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी नागरिकांना स्वतंत्र लिंगओळखीचा हक्क मान्य केला. नोव्हेंबर २०१५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्णयाने के. प्रितिका यशिनी यांचा उपनिरीक्षकपदाचा मार्ग खुला झाला. बीड जिल्ह्यातील ललिता साळवे या महिला शिपायाने २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर राज्य शासनाने अनुमती दिली आणि २०१८ मध्ये ललित साळवे या नावाने ते त्याच दलात पुन्हा रुजू झाले. एका शिपायाच्या रजेच्या अर्जाने शासनाला वर्दीतील देहाविषयी भूमिका घ्यावयास लावली, ही गोष्ट महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या कानउघाडणीनंतर महाराष्ट्राच्या पोलीसभरतीच्या अर्जातही तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवणे शासनाने मान्य केले.

या वाटचालीत छत्तीसगढने मोठा पल्ला गाठला. १ मार्च २०२१ रोजी जाहीर झालेल्या निकालानुसार तेथील पोलीस दलात तेरा तृतीयपंथी उमेदवारांची शिपाईपदावर निवड झाली. धावणे, उडी, गोळाफेक आणि लेखी परीक्षा या कसोट्या त्यांनी पार केल्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये बस्तर विभागासाठी उभारलेल्या ‘बस्तर फायटर्स’ या तुकडीतही नऊ तृतीयपंथी उमेदवार निवडले गेले. त्यांतील आठ कांकेर जिल्ह्याचे होते. हे एका रात्रीत घडले नाही. अविभक्त मध्य प्रदेशातील सोहागपूर मतदारसंघातून शबनम मौसी विधानसभेत निवडून गेल्या होत्या, कटनीच्या महापौरपदी कमला जान निवडून आल्या होत्या. स्त्रियांसाठी राखीव जागेवर त्या उभ्या राहिल्या म्हणून न्यायालयाने पुढे ती निवड रद्द केली. जानेवारी २०१५ मध्ये छत्तीसगढमधील रायगढच्या मतदारांनी मधू किन्नर यांना अपक्ष म्हणून महापौर केले. राज्यात तृतीय लिंग कल्याण मंडळ स्थापन झाले, रायपूरच्या मितवा संकल्प समितीसारख्या संघटनांनी विद्या राजपूत यांच्या पुढाकाराने उमेदवारांना धीर दिला. मतपेटीने जे आधी मान्य केले, ते भरतीच्या मैदानाने नंतर मान्य केले, असा हा क्रम आहे.

या यशाकडे पाहताना दोन प्रश्न टाळता येत नाहीत. पहिला प्रश्न बंदुकीचा आहे. बस्तर ही दीर्घकाळ यादवीने पोळलेली भूमी. समाजाने ज्यांना दारात उभे केले नाही, त्यांना पहिली सन्मानाची नोकरी मिळावी ती जिवावर बेतणारीच का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अनाठायी म्हणता येणार नाही. महार पलटणींनाही हा आक्षेप लागू होता. त्याचे उत्तर एवढेच देता येते की, सेवा करावी की करू नये याची निवड ज्याला नाकारली गेली, तो तिच्या योग्यायोग्यतेवर बोलण्याचा अधिकारही गमावून बसतो. निवड हाती आल्यानंतरच तिच्याविषयी विवेक संभवतो.

दुसरा प्रश्न लीला आणि ऊर्मिला यांनी विचारला होता. २०२१ ची भरती शक्य झाली ती अर्जावरील एका रकान्यामुळे. स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला तिसरा पर्याय आला. प्रशासनाला माणसे मोजता येतात, म्हणून त्याने त्यांना मोजून घेतले. परंतु त्या दोघींची मागणी रकान्याची नव्हतीच. त्या स्त्रिया म्हणून भरती झाल्या होत्या आणि स्त्रियाच राहिल्या होत्या. एकमेकींसह संसार करीत नोकरीही करावी, एवढेच त्यांना हवे होते. या मागणीला वर्दीने अद्याप उत्तर दिलेले नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता देण्याचे नाकारले आणि अशा जोडप्यांच्या व्यावहारिक अडचणी पाहण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे केंद्र शासनाचे आश्वासन नोंदवून घेतले. प्रेम गुन्हा नाही, पण ते कुटुंबही नाही, अशी ही मधली स्थिती आहे.

वर्दीच्या जगात या मधल्या स्थितीची किंमत फार मोठी असते. भिलाईसारख्या वसाहतीत राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की येथील आयुष्य नियमांच्या आखणीत चालते. निवासस्थान पदानुसार मिळते, दवाखान्यात कुटुंबाची नोंद लागते, सेवापुस्तकात वारसाचे नाव लिहावे लागते. बंदोबस्तावर गेलेला शिपाई परत आला नाही, तर निरोप कोणाला द्यावयाचा, कुटुंबनिवृत्तिवेतन कोणाला मिळावयाचे, सरकारी घरात किती दिवस कोणी राहावयाचे, हे सर्व त्या एका नोंदीवर ठरते. ज्याच्या जोडीदाराचे नाव त्या नोंदीत येऊ शकत नाही, त्याने देशासाठी पत्करलेला धोका इतरांइतकाच असतो; त्याच्यामागे राहणाऱ्या माणसाचा हक्क मात्र शून्य असतो. समतेचा प्रश्न येथे तत्त्वचर्चेच्या पातळीवरून उतरून हिशेबाच्या वहीत येतो.

इतिहासाचा दाखला असा की, वहिवाट ही कधीही वाटते तितकी जुनी नसते आणि वाटते तितकी टिकाऊही नसते. १८५२ च्या कायद्याने एक वहिवाट मोडली, १८९० च्या दशकातील भरतीबंदीने दुसरी घडविली, १९४१ मध्ये तीही मोडली. १९८७ मध्ये भोपाळच्या छावणीत जो निर्णय काही दिवसांत घेतला गेला, तो त्या काळी सर्वांना इतका स्वाभाविक वाटला की त्याचे समर्थन करण्याचीही गरज कोणाला भासली नाही. चौतीस वर्षांनंतर त्याच दलाच्या परंपरेतून आलेल्या राज्याने तेरा तृतीयपंथी शिपायांना सेवेत घेतले आणि आकाश कोसळले नाही. उरलेले काम सेवापुस्तकाच्या वारसनोंदीचे आहे. ते न्यायालयाकडून होईल, संसदेकडून होईल की एखाद्या शिपायाच्या साध्या अर्जातून होईल, हे आज सांगता येत नाही. आजवरची प्रत्येक नोंद मात्र कोणी तरी अर्ज केल्यानंतरच बदललेली आहे.